मानसशास्त्रात नोकऱ्या आहेत का? लातूरच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : "मी लातूरला मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं याच विषयात एम.ए. करायचंय. संशोधन आवडतं, पण संख्याशास्त्राची भीती वाटते. समुपदेशनही आवडेल. क्लिनिकलसाठी एम.फिल. लागतं म्हणतात, ते बंद झालं का? बाबा म्हणतात, यात नोकऱ्या नाहीत, बी.एड. कर आणि मोकळी हो. काय करू, ताई?"

नोकऱ्या आहेत. पण 'मानसशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसलीस तर वर्षाकाठी दोन-चार सापडतील, कारण हे काम दहा वेगळ्या नावांनी चालतं. कुठं समुपदेशक, कुठं प्रकल्प सहायक, कुठं विवाह समुपदेशक, कुठं 'वेलनेस टीचर'. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. (धंदा म्हटलं की आमच्यातले काही नाक मुरडतात, पण घरभाडं सगळे त्यातूनच भरतात.) माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलामुलींपैकी जवळजवळ कुणाचीच पहिली नोकरी 'मानसशास्त्रज्ञ' या नावाची नव्हती.

आधी पाट्यांचा घोळ मिटवू, कारण त्यात तुझी दोन-तीन वर्षं आणि बाबांचे पैसे अडकू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तशी पदवी घेतलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो, आपण नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव कायद्यानं राखीव आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची व्याख्या दिली आहे आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण लागतं. परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणी नसताना हे काम केलं तर त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजार रुपयांना कुणी भीत नाही हे खरं, पण रुग्णाच्या नातेवाइकानं तक्रार केली की नाव जातं ते परत येत नाही. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणारे तुला शहराशहरांत दिसतील. तू लावू नकोस.

एम.फिल.चं असं झालं. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. पदवीच काढून टाकली आणि २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांत ती बंद झाली. पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल. म्हणजे परवान्याचं दार होतं. ते एका रात्रीत बंद केलं असतं तर रुग्णालयांत माणसंच आली नसती, म्हणून या दोन अभ्यासक्रमांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यांची जागा परिषदेनं आखलेले अभ्यासक्रम घेत आहेत. त्यात एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही नावं तुझ्या कानावर पडतील. इथं एक सापळा आहे. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' असं नाव कुठलंही विद्यापीठ आपल्या पदवीला देऊ शकतं, आणि अनेकांनी ते वर्षानुवर्षं दिलंय. परवान्याला चालते ती परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेची पदवी. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थांची यादी उघड आणि आपली संस्था, आपला अभ्यासक्रम, आपलं वर्ष ही तिन्ही एका ओळीत दिसतात का ते बघ. माहितीपत्रकातल्या 'मान्यता प्रक्रियेत' या शब्दांवर एक रुपयाही भरू नकोस.

दुसरं, घरी बसून एम.ए. करायचा विचार असेल तर तो सोड. आपल्याकडे कितीतरी जणांनी, विशेषतः लग्न झालेल्या बायकांनी, इग्नूमधून एम.ए. मानसशास्त्र केलं आणि त्यातल्या काही आज उत्तम काम करतात. पण २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञांचा समावेश झाल्यावर यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली. त्या बायकांसाठी मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी नाही. हे काम कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायचं आहे.

आणि हेच मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय. पहिल्या चार-पाच वर्षांत नोकरी निवडताना पगाराच्या आधी एक प्रश्न विचार : इथं माझं काम कोण तपासणार? माझी पहिली नोकरी एका रुग्णालयात, महिना साडेसहा हजारांवर होती. माझ्या वरच्या मॅडम प्रत्येक अहवाल लाल पेनानं वाचायच्या. एकदा नऊ वर्षांच्या एका मुलाचा चार पानी अहवाल मी अभिमानानं पुढं ठेवला. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "आकडे सगळे आहेत. मुलगा कुठाय?" तो अहवाल मी तीनदा लिहिला. पुढं दुप्पट पगारावर एका खासगी केंद्रात गेले. तिथं दिवसाला सहा-सहा मुलांच्या चाचण्या उरकायच्या आणि शेवटचा परिच्छेद आधीच टाइप केलेला असायचा, फक्त नाव बदलायचं. तीन महिन्यांत सोडलं. आज जे काही येतं ते त्या लाल पेनाचं आहे.

आता जागा कुठं आहेत ते बघू.

सरकारी बाजूला राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. कायम पदं मोजकी आणि भरती कधी निघेल ते देव जाणे. पण १९९६ पासून सुरू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं असतात. ही बहुतेक कराराची. टेलि मानस, म्हणजे १४४१६ ही हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिथं समुपदेशक लागतात. रात्रपाळी असते, आणि पहिल्या महिन्यात झोप उडते हे आधीच सांगून ठेवते. एचआयव्ही तपासणी केंद्रांतले समुपदेशक, किशोरवयीनांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमातले समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रं हेही त्याच रांगेत. या जाहिराती 'राष्ट्रीय आरोग्य अभियान' किंवा जिल्हा परिषदेच्या पानावर येतात, मुदत आठ दिवसांची असते आणि कागदपत्रांत एक झेरॉक्स कमी पडली तर अर्ज बाद. करार अकरा महिन्यांचा, नूतनीकरणाची धाकधूक दर वर्षी. बाबांना हीच गोष्ट खुपणार आणि त्यांचं खुपणं चुकीचं नाही. पण दोन वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत काढलेल्या मुलीला जे दिसतं ते पुण्याच्या वातानुकूलित क्लिनिकमध्ये पाच वर्षांतही दिसत नाही.

कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्यातच त्यांची तरतूद आहे. या कामाला धीर लागतो आणि कायद्याची भाषा कळावी लागते. पात्रता मात्र जाहिरातीत बारकाईनं वाच, समाजकार्याची पदवी मागितलेली असू शकते. लष्कराच्या निवड मंडळांवरही मानसशास्त्रज्ञ असतात, ते काम संरक्षण संशोधन संस्थेच्या मार्गानं मिळतं. स्पर्धा परीक्षेची सवय असेल तर तिकडे लक्ष ठेव.

शाळा-महाविद्यालयांत चित्र बदलतंय, आणि तू लातूरची आहेस म्हणून हे जरा थांबून सांगते. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत कोचिंग क्लासेस आणि वसतिगृहंही आली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, अशी त्यातली एक सूचना आहे. आता तुझ्या घरापासून चालत जाऊन असे किती क्लासेस मोजता येतील ते मोज. 'लातूर पॅटर्न'च्या मागं जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली, खोल्या घेऊन राहणारी, मेसचं जेवणारी पोरं आहेत. त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस तिथं हवंय. अर्थात क्लासचालकाला समुपदेशक हवा असतो की फक्त फलकावर नाव हवं असतं, हे पहिल्याच भेटीत विचारून घे. बसायला बंद दाराची खोली देता का, आणि मुलानं सांगितलेलं मी तुम्हाला सांगणार नाही हे मान्य आहे का, एवढे दोन प्रश्न पुरतात. उत्तर देताना ते पंख्याकडे बघायला लागले तर उठून ये.

चाचण्यांचं काम ही आणखी एक बाजू, आणि तिला फार कमी लेखलं जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय. त्यात बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, स्वमग्नता सगळं आलं. प्रमाणपत्राच्या मागं बहुतेक वेळा एक चाचणी असते आणि चाचणीच्या मागं एक मानसशास्त्रज्ञ. गंमत म्हणजे या क्षेत्रातल्या दोन जुन्या चाचण्या आपल्याच अंगणातल्या आहेत. बिने-कामत चाचणी वि. वि. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. मुलांसाठीची मॅलिन बुद्धिमत्ता चाचणी १९६९ ची, नागपूरच्या आर्थर मॅलिन यांची. दोन्ही म्हाताऱ्या झाल्या. त्यांतली कित्येक चित्रं आणि प्रश्न आजच्या मुलाला ओळखीचे वाटत नाहीत, तरी त्या चालू आहेत, कारण मराठीत नवं, नीट प्रमाणित केलेलं फारसं उभंच राहिलं नाही. नवी चाचणी बेतायची, तर शेकडो मुलांवर वापरून तिचे प्रमाणक, म्हणजे कुठल्या वयाला सरासरी किती गुण पडतात ते, काढायचे. ते काम करायला माणसं नाहीत. तुला संशोधन आवडतं म्हणालीस ना?

तर संशोधन. तुझ्या डोक्यात संशोधन म्हणजे पीएच.डी., जाड प्रबंध आणि मग प्राध्यापकी असं चित्र असणार. तो रस्ता आहेच. नेट ही पात्रता परीक्षा दे, जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००. प्राध्यापकीच्या अनुदानित जागांबद्दल मात्र मी तुला आशा लावणार नाही, तासिका तत्त्वावर चाळिशी गाठलेले माझे वर्गमित्र मी पाहते आहे. पण आज महाराष्ट्र-गोव्यात संशोधनातल्या पहिल्या नोकऱ्या बहुतांशी प्रकल्पांवरच्या आहेत, आणि त्या एम.ए.नंतर लगेच मिळू शकतात.

गोव्यातल्या 'संगाथ'चं उदाहरण घे. १९९६ पासूनची ही संस्था. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रश्न तपासला : मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसाला नीट शिकवलं तर तो नैराश्यावर समुपदेशन करू शकेल का? 'मानस' नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढच्या एका अभ्यासात गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांवरच्या ४९५ रुग्णांमध्ये सहा ते आठ भेटींचं समुपदेशन तपासलं, आणि त्याचा उपयोग होतो असं दिसलं. हे वाचून आमच्यातले काही घाबरले, की गावातली ताई हे करणार असेल तर आपण काय करायचं? अगं, त्या ताईला शिकवायचं कुणी? तिच्या भेटींच्या ध्वनिफिती ऐकून गुण कुणी द्यायचे? आठवड्याला तिच्यासोबत बसून "इथं तू घाईनं सल्ला दिलास" हे कुणी सांगायचं? प्रश्नावली कुणी भाषांतरित करायची, घरोघरी जाऊन कुणी भरायची? हे सगळं पगारी काम आहे. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र 'आत्मीयता'सारख्या प्रकल्पांत असंच गावातल्या माणसांकडून काम करून घेतं, त्याची सुरुवात नाशिक जिल्ह्यातून झाली. विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पाचं कामही याच जातीचं.

दुसरं उदाहरण वेगळ्याच दिशेचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं १९९३ मध्ये आसपासच्या गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तो अभ्यास होता मधुमेहासाठी, मानसशास्त्राचा काही संबंध नव्हता. पण मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या, आणि गरोदरपणी आईचं बी-१२ कमी असलेल्या मुलांचं लक्ष आणि स्मृती थोडी मागं दिसली. त्या चाचण्या खेड्यातल्या मुलांना समजतील अशा घ्यायला कुणीतरी लागलंच ना? मधुमेह, मेंदूविकार, वार्धक्य, शिक्षण अशा परक्या घरांत मानसशास्त्रवाल्यांना जी जागा असते ती आमच्या मुलांना दिसतच नाही. जाहिरातीत 'सायकॉलॉजी' हा शब्द शोधतात आणि नसला की पान उलटतात.

आणि इथं तुझं लातूरचं मराठी कामाला येतं. नैराश्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, पीएचक्यू-९. तिच्यात आपण अयशस्वी आहोत असं वाटतं का, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. एका सर्वेक्षणात आमच्या चमूतल्या एका मुलीनं तो छापील मराठीत विचारला : "आपण अपयशी आहात असं वाटतं का?" समोरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, मी शाळेतच नाही गेले, नापास कशी होणार?" मुलीनं 'नाही'वर खूण केली. त्याच मावशी पाच मिनिटांनी चहा देताना म्हणाल्या, "माझ्या हातून कुणाचं काही भलं झालं नाही गं." उत्तर ते होतं. 'उदास' हा शब्द कथेत येतो. ओपीडीत लोक म्हणतात करमत नाही, जीव लागत नाही, अन्न गोड लागत नाही, डोक्यात इचार येतेत. छातीत धडधडतं म्हणून आलेला माणूस तीन ईसीजी काढून मग आपल्याकडे पोचतो. जो संशोधक हे ऐकतो आणि प्रश्नावलीत बसवतो त्याला प्रकल्पवाले सोडत नाहीत. बेंगळुरू-दिल्लीच्या चांगल्या संस्थांतून आलेली हुशार मुलं मी मराठवाड्याच्या क्षेत्रकामात हतबल झालेली पाहिली आहेत. तू होणार नाहीस.

राहता राहिली संख्याशास्त्राची भीती. ती बहुतेकदा शिकवणाऱ्यानं दिलेली असते. सूत्रं पाठ करून माध्य-मध्यक-बहुलक काढण्यात जो जीव गेला तो विसर. जमोवी नावाचं संख्याशास्त्राचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घे. वर्गातल्या तीस जणांना झोपेचे तास आणि परीक्षेच्या ताणाला दहापैकी गुण विचार, आणि स्वतःच्या हातानं त्यांचा संबंध काढ. दोन संध्याकाळी लागतील. पुढं वाटलं तर 'आर' ही त्यासाठीची संगणकभाषा शीक. प्रकल्प सहायकाच्या मुलाखतीत 'मी स्वतः डेटा गोळा करून हे केलंय' असं एक पान दाखवणारी मुलगी मला दहा प्रमाणपत्रं दाखवणारीपेक्षा बरी वाटते. वीकेंडच्या 'सर्टिफाइड काउन्सेलर' कोर्सवाल्या त्या प्रमाणपत्रांना, सांगून ठेवते, भरतीत काडीचीही किंमत नाही.

कंपन्यांतलं कर्मचारी समुपदेशन, मनुष्यबळ विभाग, मोबाइल ॲपवाल्या कंपन्या यांच्याबद्दल थोडक्यात. पगार बरा, इंग्रजी लागतं, कामाचं मोजमाप मिनिटांत होतं. चार वर्षं कुठं तरी घासून आलीस तर जा, सुरुवात तिथून करू नकोस.

आता बाबांच्या बी.एड.बद्दल. त्यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. साधं बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघणाऱ्यांची रांग त्यांनीही पाहिली असेल. पण विशेष शिक्षणातलं बी.एड. पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत येतं. त्यात बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा शाखा असतात, आणि समावेशक शिक्षणामुळे अशा शिक्षकांची गरज साध्या शाळांतही आहे. मानसशास्त्राची बी.ए. आणि त्यावर हे बी.एड. अशी जोडी असलेली माझी एक विद्यार्थिनी सकाळी शाळेत आणि संध्याकाळी स्वतःच्या उपचारात्मक शिकवणीत काम करते, आणि चाचणीचा अहवाल वाचून मुलाला दुसऱ्या दिवशी नेमकं काय शिकवायचं हे तिच्याइतकं मला कळत नाही.

म्हणून बाबांना आत्ताच 'नाही' म्हणू नकोस. या सुट्टीत पंधरा दिवस लातूरच्या एखाद्या विशेष शाळेत जाऊन बस आणि पंधरा दिवस जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत, परवानगीचं पत्र तुझ्या विभागप्रमुखांकडून घे. दोन्हीकडे रोज संध्याकाळी एक पान लिही, नावं न घेता. त्या तीस पानांसकट मला परत लिही, मग एम.ए. कुठं करायचं ते बोलू.